काडी लावा, पण आधी वास घ्या!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. मंडईतून पुदिन्याची जुडी घरी येते. पानं निवडून चटणीत जातात. मग उरलेल्या काड्यांचं काय होतं?

"काय होणार? टाकून देतो!" असंच म्हणालात ना? मग तुम्ही दर आठवड्याला एक अख्खी बाग कचऱ्याच्या डब्यात टाकता, असं मी म्हणेन. कारण त्यातल्या प्रत्येक जिवंत काडीत एक नवं रोप दडलेलं असतं. एक पेर, थोडं पाणी आणि आठ-दहा दिवसांचा धीर, एवढंच त्याला हवं असतं.

पण थांबा! लगेच उठून हाताला येईल ती काडी मातीत खोचू नका. अशी घाई केली की काय फजिती होते, ते मी चांगलं भोगलं आहे. आधी तीच हकिगत ऐका.

आजीची फर्माईश

मी तेव्हा आठवीत होते. वाईजवळच्या आमच्या गावाहून आजी पुण्याला आमच्याकडे राहायला आली होती. नुकताच टायफॉईड होऊन गेलेला. तोंडाला अजिबात चव नाही. भाकरी पुढ्यात आली की चार घास खाऊन ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाले, "यांना आवडेल ते खाऊ द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या."

मी आजीला विचारलं, "आजी, काय करू तुझ्यासाठी?" ती म्हणाली, "आपल्या परसातल्या पुदिन्याची चटणी मिळाली, तर भाकरी जाईल गं घशाखाली."

आली का पंचाईत! गावचं घर दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केलं, तेव्हा न्हाणीजवळचा तो ओला कोपरा सिमेंटखाली गेला होता. पुदिना गेला तो गेलाच. पण मला वाटलं, त्यात काय एवढं? पुदिना तो पुदिना. आपण दुसरा लावू!

पहिल्यांदा मी बियांचं पाकीट आणलं. बिया कसल्या, नुसती तपकिरी धूळ. कुंडीत पेरल्या. पंधरा दिवसांनी इवली इवली रोपं आली. त्यांना वाढवण्यात पुढचे दोन महिने गेले. पण गंमत अशी, की एकाच पाकिटातली रोपं, तरी एकाचं पान गोल, दुसऱ्याचं लांबट. एकाला थोडा वास, दुसऱ्याला वासच नाही! चटणी केली. आजीने बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाली, "छान हिरवी झालीय हो." एवढंच!

मग एका रोपवाटिकेतून तयार रोप आणलं. तरतरीत, लांब पानांचं. वास तर असा, की नाकातून थेट टाळूपर्यंत गार! मी खूश. पुन्हा चटणी. आजीने एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं, माझे दात घासून झालेत की सकाळीच!"

सगळे पोट धरून हसले. मला मात्र रडू येत होतं.

तिसऱ्या खेपेला मंडईतल्या जुडीच्या काड्या लावल्या. या वेळी आजी म्हणाली, "हा बरा आहे. पण आपला नाही."

म्हणजे पुदिन्यातही 'आपला' आणि 'परका' असतो तर! मग मी हात धुऊन पुदिन्याच्या मागे लागले. पुस्तकं चाळली, शाळेत जीवशास्त्राच्या बाईंना भंडावून सोडलं. तेव्हा कळलेलं आणि नंतर वाचलेलं सगळं आता तुम्हाला सांगते.

एक नाव, भावंडं अनेक

पुदिना तुळशीच्या कुळातला, बरं का. खात्री करायची असेल तर पुदिन्याची काडी दोन बोटांत धरून फिरवा. गोल लागणार नाही, चौकोनी लागेल. पानंही समोरासमोर, जोडीजोडीने येतात. तुळस, सब्जा, पानओवा यांच्या कोवळ्या फांद्याही अशाच तपासून पाहा. सगळे एकाच घराण्यातले!

'पुदिना' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. आपण सरसकट एकच नाव वापरतो, पण त्या नावाखाली वेगवेगळी झाडं वावरतात. त्यातली तीन ओळखता आली तरी पुष्कळ झालं.

पहिला, आपल्या चटणीचा पुदिना. शास्त्रीय नाव मेंथा स्पिकाटा. इंग्रजीत याला स्पिअरमिंट म्हणतात. पान हिरवंगार, थोडं सुरकुतलेलं, कडेला करवतीसारखे दाते. पानाला देठ जवळजवळ नसतोच. पान थेट काडीला चिकटलेलं असतं. वास गोडसर.

दुसरा, पेपरमिंट. पान जास्त गडद, त्याला स्पष्ट देठ आणि काडीवर बहुधा जांभळट झाक. वास झणझणीत. हा मुळात संकर आहे. चटणीचा पुदिना आणि पाणथळ जागी वाढणारा एक रानपुदिना यांच्या मीलनातून तो झाला. १६९६ साली जॉन रे या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली.

तिसरा, जपानी पुदिना. यालाच शेतकरी 'मेंथा' म्हणतात. उत्तर प्रदेशात बाराबंकी, रामपूर, संभल या भागांत याची शेतंच्या शेतं असतात. पण ती चटणीसाठी नव्हेत, तेलासाठी! या तेलातून मेंथॉल काढतात. ते बाममध्ये, खोकल्याच्या गोळ्यांत, टूथपेस्टमध्ये जातं. लखनौला 'सीमॅप' ही औषधी आणि सुगंधी वनस्पतींची सरकारी संशोधन संस्था आहे. तिने शेतकऱ्यांसाठी या पुदिन्याच्या खास जाती तयार केल्या. त्यांची नावंही छान आहेत : हिमालय, शिवालिक, कोसी.

आता कळलं माझं 'दात घासणं' कुठून आलं? मी आणलेलं रोप बहुधा या तिसऱ्या भावंडाचं होतं. ते रोप वाईट नव्हतं. त्याची जागा बामच्या बाटलीत होती आणि मी त्याला पाट्यावर वाटत होते!

नाकासारखं यंत्र नाही

पानाचा आकार, देठ, रंग पाहून अंदाज येतो. पण खरी परीक्षा नाकाची. पुदिन्याच्या पानावर तेलाच्या अगदी सूक्ष्म पिशव्या असतात. भिंगातून पाहिलंत तर बारीक चकचकीत ठिपके दिसतील. पान चुरगाळलं की त्या फुटतात आणि वास सुटतो. म्हणून नुसतं रोपाशी नाक नेऊन भागत नाही, पान चुरगाळायलाच हवं.

चटणीच्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्वोन नावाच्या द्रव्याचा असतो. पेपरमिंट आणि जपानी पुदिन्यात मात्र मेंथॉलची सत्ता. गंमत म्हणजे मेंथॉल खरं तर गार नसतंच. आपल्या त्वचेत आणि जिभेवर थंडी ओळखणारे संवेदक असतात. मेंथॉल त्यांना फसवतं आणि मेंदूला निरोप जातो, 'गार लागतंय!' हा संवेदक नेमका कोणता, हे २००२ साली उलगडलं. ते शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुशियन यांना उष्णता-थंडी आणि स्पर्श ओळखणाऱ्या संवेदकांवरील कामासाठी २०२१ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आहे की नाही मजा? पुदिना चघळताना तुम्ही नोबेल मिळवलेला प्रयोगच करत असता!

कार्वोनची गोष्ट तर याहून न्यारी. उजव्या पायाचा बूट डाव्या पायात घालून बघा. बसत नाही ना? दोन्ही बूट दिसायला सारखे, पण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. कार्वोनचे रेणूही असेच डावे-उजवे असतात. त्यातला एक पुदिन्यात असतो. दुसरा कुठे असतो, सांगा पाहू? बाळंतशोपांत! म्हणजे शेपूच्या बियांत. द्रव्य तेच, घडण फक्त उलटी. पण आपलं नाक इतकं हुशार, की एकाला म्हणतं पुदिना आणि दुसऱ्याला म्हणतं शोपा.

एवढं तरबेज यंत्र देवाने फुकट दिलंय, तर रोप निवडताना ते वापरायला नको का?

बी का नको?

आता माझ्या पहिल्या फजितीकडे वळू. बियांची रोपं अशी भलतीसलती का निघाली?

तुम्ही आणि तुमची बहीण एकाच आईबाबांची मुलं. पण तुमचे चेहरे, आवाज, स्वभाव अगदी तंतोतंत सारखे आहेत का? नाहीत. बी म्हणजे झाडाचं मूल. त्यात आईबाबांचे गुण मिसळतात आणि दर वेळी निराळे मिसळतात. पुदिन्याची भावंडं तर आपापसात सहज संकर करणारी. म्हणून बियांतून कोणतं रोप निघेल याचा नेम नाही. पेपरमिंटची तर आणखीच तऱ्हा. त्याला सहसा बी धरतच नाही.

काडीचं तसं नाही. काडी म्हणजे झाडाचं मूल नव्हे. काडी म्हणजे तेच झाड! तोच वास, तीच चव. म्हणून पुदिना लावायचा तो काडीने. पण याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. काडी चुकीची निवडलीत, तर कितीही खत घाला, पाणी घाला, ती सुधारणार नाही. सपक वासाच्या काडीचं रोप सपकच होणार. म्हणून आधी निवड, मग लागवड.

काही जण सांगतात, "दोन पुदिने शेजारी लावू नका, एकाच्या पानांना दुसऱ्याचा वास लागतो." ते खरं नाही. शेजारामुळे फार तर बियांत मिसळ होईल, पानांत नाही. मात्र दोघांना एका कुंडीत लावू नका. पुदिन्याच्या फांद्या जमिनीलगत आणि मातीखालून पळतात. ज्याचा जोर जास्त, तो दुसऱ्याला बाहेर ढकलतो. मग तुम्हाला वाटतं, वासच बदलला!

चला, काडी लावू या

१. तीन-चार ठिकाणच्या काड्या गोळा करा. मंडईतली जुडी, शेजारच्या काकूंची कुंडी, मामाच्या गावचं परस. प्रत्येकीचं एक पान चुरगाळून वास घ्या, एक पान चावून पाहा. (आधी धुवा!) चटणीसाठी हवा असेल तर गोडसर, भरदार वासाचा निवडा. डोळ्यांत पाणी आणणारा गारवा असेल, तर तो चटणीला नको.

२. पानांच्या मागची बाजू जरूर बघा. नारिंगी-तांबूस पुरळ दिसलं तर तो तांबेरा रोग. अशी काडी अजिबात घेऊ नका. काडी म्हणजे तेच झाड, तेव्हा तिच्याबरोबर रोगही फुकटात घरी येईल!

३. बोटभर लांबीची, न फुललेली, ताजी काडी घ्या. पेराच्या जरा खाली कापा. पेर म्हणजे जिथून पानांची जोडी फुटते तो सांधा. मुळं बहुधा तिथूनच फुटतात. खालची पानं काढून टाका, शेंड्याची चार-सहा ठेवा.

४. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन काडी उभी ठेवा. पानं पाण्यात बुडू देऊ नका, कुजतात. पेला उजेडात ठेवा, पण रणरणत्या उन्हात नको. पाणी एक दिवसाआड बदला. त्यामुळे काडीही खूश आणि डासांनाही अंडी घालायला जागा नाही.

५. आठ-दहा दिवसांत पांढरीशुभ्र मुळं दिसू लागतील. ती बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की कुंडीत लावा. कुंडी खोल नसली तरी चालेल, पण पसरट हवी. तळाला भोक हवंच. दोन भाग माती, एक भाग शेणखत आणि मूठभर वाळू. एका कुंडीत तीन-चार काड्या पुरे.

६. माती ओलसर राहू द्या, पण चिखल नको. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली अशी जागा पुदिन्याला मानवते. पूर्वी न्हाणीचं पाणी जिथे जाई तिथे पुदिना लावत. आता त्या पाण्यात साबण आणि डिटर्जंट असतात, तेव्हा ते नको.

७. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. अरेरे म्हणू नका! शेंड्यातून एक द्रव्य खाली जातं आणि बाजूच्या डोळ्यांना 'तुम्ही थांबा' असं सांगतं. शेंडा गेला की हे डोळे फुटतात आणि रोप भरगच्च होतं. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मात्र तोडू नका.

८. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला, कुंडी रिकामी करा. मधली जून, लाकडासारखी झालेली खोडं टाका आणि कडेच्या ताज्या फांद्या नव्या मातीत लावा.

सगळे सारखे म्हणजे धोकाही सारखा

काडीची एवढी स्तुती केली, पण तिची एक कमजोर बाजूही आहे. ती सांगितली नाही तर गोष्ट अर्धीच राहील.

अमेरिकेत मिशिगन राज्यात पेपरमिंटची मोठी शेती होती. इंग्लंडमधल्या मिचम गावाची प्रसिद्ध जात तिथे नेऊन लावली होती. सगळी शेतं काडीपासून झालेली, म्हणजे एका अर्थी सगळीकडे एकच झाड. मग जमिनीतून पसरणारा एक बुरशीजन्य मर रोग आला. एका झाडाला त्याच्याशी झुंजता येईना, म्हणजे कुणालाच येईना! शेतंच्या शेतं सुकली. नवी, चिवट जात हवी, तर पेपरमिंटला बी नाही. करायचं काय? शेवटी १९५५ पासून शास्त्रज्ञांनी पेपरमिंटच्या धावत्या फांद्यांवर किरणांचा मारा करून त्यांच्यात बदल घडवले. हजारो रोपं रोगट जमिनीत लावून पाहिली. त्यातून रोगाला बऱ्यापैकी तोंड देणारी आणि तरी वास न बिघडलेली जात मिळाली. ती १९७१ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. म्हणजे जवळजवळ सोळा वर्षं गेली!

म्हणून आवडीचा पुदिना एकाच कुंडीत, एकाच घरात ठेवू नका. आणि दोन-तीन निरनिराळे पुदिने जवळ बाळगा.

आणि आजीचा पुदिना?

तो सापडला! दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांबरोबर गावी गेले होते. पलीकडच्या आळीत आजीच्या मैत्रिणीकडे निरोप द्यायला गेले. त्यांच्या विहिरीजवळ हिरवागार गालिचा पसरलेला. मी खाली बसले, एक पान चुरगाळलं, नाकाशी नेलं... आणि मला आमचं जुनं परस दिसलं!

"आजी, हा पुदिना कुठला?" मी विचारलं.

त्या हसल्या. "अगं, तुमचाच तो. माझं लग्न होऊन मी या घरात आले ना, त्या पावसाळ्यात तुझ्या आजीने दिल्या होत्या चार काड्या. ने की हव्या तेवढ्या!"

आमचा कोपरा सिमेंटखाली गेला होता, पण झाड गेलंच नव्हतं. ते दोन आळ्या ओलांडून सुखरूप राहिलं होतं. आजीने कधीतरी चार काड्या वाटल्या होत्या म्हणून.

काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर केळीचं पान बांधून पुण्याला आणल्या. निम्म्या लावल्या आणि पानं वाटून चटणी केली. आजीने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, खाल्ला. काही बोललीच नाही. दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा. भाकरी संपल्यावर म्हणाली, "अर्धी आणखी वाढ."

रात्री मला जवळ बोलावून म्हणाली, "एकटीच घेऊन बसू नकोस हो. वाट चार घरी."

मी वाटल्या. बरं झालं वाटल्या! कारण पुढे एका मे महिन्यात आम्ही सगळे परगावी गेलो आणि माझी कुंडी पार वाळून गेली. तेव्हा वर्गातल्या मैत्रिणीने तिच्या कुंडीतल्या काड्या आणून दिल्या. आजी आता नाही. तिचा पुदिना आजही माझ्या खिडकीत आहे.

करून पाहा!

चार वाट्या घ्या. त्यांत चार ठिकाणच्या पुदिन्याची चुरगाळलेली पानं ठेवा. वाट्यांच्या तळाला आकडे चिकटवा. घरातल्या प्रत्येकाचे डोळे बांधून वास द्या. कुणाला कोणता आवडतो, कोणता गार लागतो, कोणता गोड, ते वहीत लिहा. आजी-आजोबांचं मत आवर्जून घ्या, त्यांच्या नाकात जुने वास साठवलेले असतात. ज्याला जास्त मतं, त्याच्या काड्या लावा. आणि मुळं फुटली की त्यातली एक तरी दुसऱ्या कुणाला द्या.

मग? आजच्या जुडीच्या काड्या टाकणार का? तुमच्या पुदिन्याची हकिगत आम्हाला पत्राने जरूर कळवा. फजिती झाली तर ती आधी कळवा!